महापौर एकाचा, सभागृह दुसऱ्याचं

१७ जुलै २०२२ रोजी उज्जैन महापालिकेची मतमोजणी संपली तेव्हा महापौरपदाच्या लढतीत भाजपचे मुकेश टटवाल हे काँग्रेसच्या महेश परमार यांच्यापुढे अवघ्या ७३६ मतांनी होते. त्याच शहरानं त्याच मतदानात निवडून दिलेल्या ५४ नगरसेवकांत मात्र भाजपचे ३७ आणि काँग्रेसचे १७ होते. मतदारानं दोन बटणं दाबली होती, एक महापौरासाठी आणि दुसरं वॉर्डातल्या नगरसेवकासाठी. पावणेचारशे मतं इकडची तिकडे झाली असती, तर महाकालाच्या नगरीत महापौर काँग्रेसचा आणि दोन तृतीयांशांहून जास्त सभागृह भाजपचं, असा कारभार पाच वर्षं चालवावा लागला असता.

उज्जैनमध्ये ते टळलं. ग्वाल्हेर आणि जबलपूरमध्ये टळलं नाही.

ग्वाल्हेरनं ५७ वर्षांनी काँग्रेसचा महापौर निवडला. शोभा सिकरवार महापौर झाल्या, पण ६६ जागांच्या सभागृहात भाजपचे ३४ नगरसेवक आले आणि सभापतिपद भाजपच्या मनोज तोमर यांनी एका मताच्या फरकानं जिंकलं. नारायणराव शेजवलकर आणि पुढे त्यांचे चिरंजीव विवेक शेजवलकर यांनी ज्या शहराचं महापौरपद भूषवलं, त्या ग्वाल्हेरसाठी ही उलथापालथ मोठी होती. जबलपूरमध्ये काँग्रेसचे जगतबहादूर सिंह ‘अन्नू’ महापौर झाले आणि सभागृहात बहुमत भाजपचं राहिलं. सिंगरौलीत महापौर आम आदमी पक्षाच्या राणी अग्रवाल, आणि सभागृहात त्यांच्या पक्षाचे मोजकेच नगरसेवक. आधीच्या फेरीत राज्यातल्या सोळाही महापालिका भाजपकडे होत्या. २०२२ मध्ये भाजपला नऊ, काँग्रेसला पाच, ‘आप’ला एक आणि अपक्षाला एक महापौरपद मिळालं.

राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि प्रतिनिधिगृह दुसऱ्या पक्षाचं, ही अमेरिकेतली नेहमीची स्थिती. आपल्याकडे सभागृहात ज्याचं बहुमत त्याचाच पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री, म्हणून हा पेच दिल्लीत आणि मुंबईत सहसा उभा राहत नाही. तो उभा राहिला आहे आपल्या गावात आणि शहरात. थेट महापौर, थेट नगराध्यक्ष, थेट सरपंच ही पदं निर्माण करताना आपण अध्यक्षीय पद्धत स्थानिक पातळीवर आणली, पण तिच्यासोबत येणारी शिस्त आणली नाही. सगळ्या गावानं मिळून निवडलेला माणूस ‘मला जनतेनं निवडलंय’ म्हणतो, आणि समोर बसलेले नगरसेवक ‘आम्हालाही जनतेनंच निवडलंय’ म्हणतात. दोघांचंही खरं असतं. तिथून पुढे काय करायचं, याचं उत्तर कायद्यात अर्धवट आहे आणि राजकीय पक्षांनी शोधलेलं उत्तर चुकीचं आहे.

मध्य प्रदेशातली रचना आधी समजून घ्यावी लागेल. तिथला महापौर नगरसेवकांमधूनच आपली परिषद नेमतो. तिला सगळे ‘एमआयसी’ म्हणतात. तिच्यात कुणाला घ्यायचं हा महापौराचा अधिकार, त्यासाठी सभागृहाची संमती लागत नाही. सभागृहाची बैठक चालवतो तो सभापती, आणि त्याला निवडतात नगरसेवक. आयुक्त राज्य सरकारचा. अंदाजपत्रक एमआयसीतून सभागृहात येतं आणि तिथं मंजूर व्हावं लागतं. म्हणजे रोजचा कारभार महापौराकडे, पैशांवरचा शेवटचा शब्द सभागृहाकडे आणि फाइल आयुक्ताकडे. या तिघांत एकजण जरी अडून बसला तरी गाडा थांबतो.

गाडा थांबला की निधीची ओरड सुरू होते, आणि मग पक्षांतराचा रस्ता सुचतो. ७ फेब्रुवारी २०२४ रोजी जबलपूरचे महापौर अन्नू भाजपमध्ये गेले. काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आलेला महापौर दीड वर्षात भाजपचा झाला आणि विभागलेली महापालिका एका दिवसात एकसंध झाली. अशा वेळी कारण नेहमी शहराच्या विकासाचं दिलं जातं: वर सरकार त्यांचं, सभागृह त्यांचं, मग एकट्यानं भांडून शहराचं नुकसान का करायचं? ऐकायला हे समंजस वाटतं. तडजोड म्हणूनही खपून जातं.

पण ही तडजोड नाही. तडजोडीत दोन बाजू शेवटपर्यंत दोन बाजू राहतात. एक जण दोन पावलं मागे येतो, दुसराही येतो, आणि कुणी काय सोडलं ते लोकांना दिसतं. पक्षांतरात एक बाजूच नाहीशी होते. जबलपूरच्या ज्या मतदारानं महापौरासाठी एक आणि वॉर्डासाठी दुसरा पक्ष विचार करून निवडला, त्याला एकानं दुसऱ्यावर लक्ष ठेवायला हवं होतं. त्याचं म्हणणं कुणी खोडून काढलं नाही, कुणी त्याला पुन्हा विचारलंही नाही. दहावं परिशिष्ट आमदार-खासदारांपुरतं आहे, त्यामुळे महापौराची खुर्ची पक्ष बदलल्यावरही त्याच्याखालीच राहिली. लोकांनी सत्ता दोघांत वाटून दिली असेल तर ती पाच वर्षं वाटूनच चालवली पाहिजे, आणि ज्याला ते जमत नाही त्यानं राजीनामा देऊन नव्या चिन्हावर पुन्हा मत मागितलं पाहिजे.

महाराष्ट्रात स्थिती थोडी बरी आहे असं कागदावर दिसतं. स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी १९८६ चा पक्षांतरबंदीचा वेगळा कायदा आहे. पण अंबरनाथमध्ये काय झालं ते ताजं आहे. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत तिथं थेट नगराध्यक्षपद भाजपच्या तेजश्री करंजुले यांनी जिंकलं, आणि सभागृहात सर्वात मोठा पक्ष ठरला एकनाथ शिंदे यांची शिवसेना, २७ नगरसेवकांसह. भाजपचे १४ आणि काँग्रेसचे १२. राज्यात सोबत सत्ता भोगणारे दोन पक्ष शहरात एकमेकांसमोर उभे ठाकले होते. नगराध्यक्षांना सभागृहात बहुमत हवं होतं, म्हणून भाजपनं चक्क काँग्रेसच्या नगरसेवकांना सोबत घेऊन आघाडी बांधली. राज्यभर गदारोळ झाला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अशी युती मान्य नसल्याचं जाहीर केलं, काँग्रेसनं आपल्या बाराही नगरसेवकांना निलंबित केलं आणि ते थेट भाजपमध्ये दाखल झाले. या सगळ्या धावपळीत अंबरनाथच्या पाण्यावर, कचऱ्यावर, रस्त्यांवर कोणत्या पक्षानं काय मान्य केलं, याचा एक ओळीचाही करार लोकांसमोर आला नाही. चर्चा झाली ती संख्येची.

त्याउलट कराड पाहण्यासारखं आहे. २०१६ च्या निवडणुकीत कराडच्या लोकांनी भाजपच्या रोहिणी शिंदे यांना थेट नगराध्यक्ष केलं आणि सभागृहात बहुमत दिलं जनशक्ती आघाडीला. पुढची पाच वर्षं गोडीगुलाबीची नव्हती. विषयपत्रिकेवर काय यावं, श्रेय कुणाचं, अंदाजपत्रक कुणाच्या मनासारखं, यावरून खटके उडत राहिले. आणि याच कार्यकाळात, ऑगस्ट २०२० मध्ये, स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांत कराड देशात पहिलं आलं. दुसरं सासवड, तिसरं लोणावळा.

भांडणाऱ्या नगरपालिकेनं हे कसं साधलं? घंटागाडी, ओला-सुका कचरा वेगळा करणं, खतप्रकल्प, सार्वजनिक शौचालयं या कामांचे निकष दिल्लीहून छापून आले होते. गुण किती, कशाला, कधीपर्यंत, हे सगळं आधीच ठरलेलं. त्यामुळे कुणाचं म्हणणं मोठं यावर वाद घालायला जागा कमी राहिली. कर्मचाऱ्यांना दोन्ही बाजूंकडून एकच काम सांगितलं गेलं आणि श्रेय दोघांनाही घेता आलं. सभागृहात पदांवरून फाटाफूट असली तरी कामाचं माप लेखी आणि बाहेरचं असेल, तर दोन गट एका दिशेनं चालू शकतात. कराडचं यश कोणत्याही एका नेत्याच्या खंबीरपणाच्या खात्यावर मांडता येत नाही, आणि तेच त्याचं मोल आहे.

अमेरिकेतली चांगली उदाहरणंही याच जातीची आहेत. १९८३ मध्ये तिथल्या वृद्धांच्या पेन्शनचा निधी आटत आला होता. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन रिपब्लिकन, प्रतिनिधिगृह डेमोक्रॅट टिप ओ’नील यांच्या ताब्यात. दोघांची मतं टोकाची आणि जाहीर भांडणं रोजची. तरी अॅलन ग्रीनस्पॅन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं आकडे मांडले आणि दोन्ही बाजूंनी कडू घोट वाटून घेतला. डेमोक्रॅटांनी निवृत्तीचं वय हळूहळू ६५ वरून ६७ करायला मान्यता दिली, रिपब्लिकनांनी वर्गणीची वाढ आणि पेन्शनवरचा कर स्वीकारला. २० एप्रिल १९८३ रोजी रेगन यांनी सही केली. दोघांपैकी कुणीही पक्ष बदलला नाही, आणि पुढच्या निवडणुकीतही दोघं आपापल्या पक्षाच्याच बाजूनं उभे होते.

नेतृत्वाच्या नावाखाली ताणून धरण्याचं उदाहरणही तिथलंच. १९९५ च्या डिसेंबरापासून बिल क्लिंटन आणि सभापती न्यूट गिंग्रिच यांच्या वादात सरकारी कचेऱ्या २१ दिवस बंद राहिल्या. पण त्याच दोघांनी १९९७ मध्ये अंदाजपत्रकाचा करार केला आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या खजिन्यात जवळपास तीन दशकांनी शिल्लक दिसली. माणसं तीच होती. दोन वर्षांत फरक पडला तो इतकाच की, एकटं लढून काही हाती लागत नाही हे दोघांनीही अनुभवलं होतं.

आपल्याकडे मात्र पेच आला की राजकारणी माणसाऐवजी कायदाच बदलून टाकतात. महाराष्ट्रात २००१ मध्ये विलासराव देशमुख सरकारनं थेट नगराध्यक्ष आणला, २००६ मध्ये तो गेला, २०१६ मध्ये फडणवीस सरकारनं परत आणला, २०२० मध्ये महाविकास आघाडीनं पुन्हा काढला आणि जुलै २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारनं पुन्हा बसवला. थेट सरपंचाचंही तसंच: २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परतला. २०२० मध्ये नगरविकास खातं एकनाथ शिंदे यांच्याकडे होतं, आणि २०२२ मध्ये तेच मुख्यमंत्री होते. मुंबई आणि नागपुरात १९९८ च्या सुमारास एमआयसीचा प्रयोगही झाला आणि वर्षभरात गुंडाळला गेला. त्यातून काय शिकायचं, हे ठरवण्याइतका वेळही त्याला दिला नाही.

मध्य प्रदेश याला अपवाद नाही. थेट महापौराची पद्धत तिथं १९९९ पासूनची. २०१९ मध्ये कमलनाथ सरकारनं ती रद्द करणारा अध्यादेश काढला, राज्यपाल लालजी टंडन यांनी त्यावर सही करायला घेतलेल्या वेळेवरूनच मोठा वाद झाला, आणि मार्च २०२० मध्ये ते सरकार पडलं. २०२२ च्या निवडणुकीच्या तोंडावर शिवराजसिंह चौहान सरकारनं महापौर पुन्हा थेट केला आणि नगरपालिकांचे अध्यक्ष मात्र नगरसेवकांमधून निवडायचे ठरवलं. २०२५ मध्ये तेही पुन्हा थेट करायचा निर्णय झाला. निवडणुकीच्या चार महिने आधी नियम बदलणारा पक्ष शहराचं भलं पाहत नसतो, त्याच्यासमोर येत्या मतदानाचं गणित असतं. ज्या पदाची रीतच दर पाच वर्षांनी बदलते त्या पदावर बसणाऱ्याला सभागृहाशी जुळवून घेण्याची सवय लागणार कशी? आज ना उद्या कायदाच बदलेल, ही आशा प्रत्येक बाजूला असते.

आणि तरीही मध्य प्रदेशाच्या कायद्यात एक तरतूद अशी आहे की जिच्याकडून महाराष्ट्रानंही धडा घ्यावा. तिथं थेट निवडलेल्या अध्यक्षाला नगरसेवक परस्पर घरी पाठवू शकत नाहीत. तीन चतुर्थांश नगरसेवकांनी लेखी प्रस्ताव दिला तर प्रश्न पुन्हा मतदारांकडे जातो. मतदान होतं ते दोन चित्रांवर: एक भरलेली खुर्ची, एक रिकामी खुर्ची. अध्यक्ष राहावा असं वाटतं त्यानं भरलेल्या खुर्चीला मत द्यायचं, जावा असं वाटतं त्यानं रिकाम्या. मधे कोणतंही पक्षचिन्ह नाही, दुसरा उमेदवार नाही. २००१ मध्ये अनूपपूरच्या मतदारांनी रिकामी खुर्ची निवडली आणि नगराध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. नेमणारा जो, काढणाराही तोच, हे या पद्धतीत सरळ दिसतं. महाराष्ट्रात थेट सरपंचाच्या बाबतीत याच्या जवळची सोय आहे. तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव केला तरी ग्रामसभेत गुप्त मतदानानं त्याला मान्यता मिळावी लागते. ही सोय भांडण वाढवत नाही, उलट आवरते. ठराव आणण्यापूर्वी सदस्यांना गावाचा अंदाज घ्यावा लागतो, आणि सरपंचालाही गावाची आठवण राहते.

विभागलेली सत्ता रोजच्या कामात कशी दिसते ते पाहायला आता उज्जैनमधल्या एका वस्तीकडे यावं. इंदूर रस्त्यावरचा नानाखेडा हा शहराचा दक्षिणेकडचा नवा चेहरा. इंदूरहून येणारा यात्रेकरू इथल्या बसस्थानकावर उतरतो, जवळच स्टेडियम आहे, विकास प्राधिकरणानं उभारलेलं महाकाल वाणिज्य केंद्र आहे. अशा भागात रस्त्यावरचा दिवा बंद पडला किंवा पावसाचं पाणी दुकानात शिरलं तर नगरसेवक झोन कार्यालयात जातो. झोनमधला अभियंता अंदाज काढतो. रक्कम मोठी असेल तर फाइल एमआयसीत जाते, मग निविदा, मग आयुक्ताची सही. नाला प्राधिकरणाच्या आखणीतला असेल तर ते वेगळं कार्यालय, आणि त्याचा अध्यक्ष राज्य सरकार नेमतं. स्मार्ट सिटी कंपनीचं काम असेल तर तिसरं कार्यालय. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आराखड्यातलं असेल तर चौथं.

म्हणजे उज्जैनमध्ये महापौर आणि सभागृह दोन्ही एकाच पक्षाचे असूनही सत्ता चार-पाच ठिकाणी विखुरलेली आहेच. नानाखेड्याच्या दुकानदाराला पक्ष एक झाल्यानं दिवा लवकर मिळत नाही. त्याला तो मिळतो या चार कार्यालयांच्या माणसांना एका टेबलाशी बसवणारं कुणी असेल तर. थेट महापौराचं खरं काम हेच आहे. पण एमआयसी नेमताना आपल्या गटातली माणसं खूश ठेवणं एवढंच पाहिलं जातं, आणि ती संधी वाया जाते. कायद्यानं महापौराला मोठी मोकळीक दिली आहे. तो विरोधी पक्षाच्या नगरसेवकालाही परिषदेत घेऊ शकतो. पाणीपुरवठा किंवा जलनिःसारण विरोधकांकडे देऊन पाहणारा महापौर अधिक बळकट होईल, कारण त्या खात्याचं अपयश मग सभागृहात त्याच्यावर फेकून मारता येणार नाही.

बहुमत हाती असलं म्हणजे तडजोडीची गरज संपते, हा समजही उज्जैननंच खोटा ठरवला. मुख्यमंत्री मोहन यादव उज्जैन दक्षिणचे आमदार, कधीकाळी याच विकास प्राधिकरणाचे अध्यक्ष. विधानसभेच्या २३० पैकी १६३ जागा २०२३ मध्ये त्यांच्या पक्षानं जिंकलेल्या. २०२८ च्या सिंहस्थासाठी शिप्रेकाठच्या सतरा गावांतली दोन हजार तीनशेहून अधिक हेक्टर जमीन लँड पूलिंगखाली घेऊन कायमस्वरूपी वसाहत उभी करायची, असा त्यांच्या सरकारचा बेत होता. विरोध सभागृहातून नव्हे, शेतांतून आला, आणि त्याचं नेतृत्व केलं भारतीय किसान संघानं, जो त्याच विचारांच्या परिवारातला. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सरकारनं माघार जाहीर केली. पण प्रत्यक्ष निघालेला आदेश आणि दिलेला शब्द यांत अंतर आहे असं शेतकऱ्यांना दिसलं तेव्हा ते पुन्हा आंदोलनाला सज्ज झाले, आणि डिसेंबरमध्ये योजना पूर्ण रद्द झाल्यावरच विषय शांत झाला. मुख्यमंत्र्यांनी मागे येण्यात कमीपणा नव्हता. ज्यांची जमीन जाणार होती त्यांच्याशी बोलणं योजना आखण्याआधी झालं असतं तर सहा-आठ महिन्यांची कटुता वाचली असती. आणि तोंडी तडजोड टिकत नाही, हेही शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवलं.

मराठी माणसाला उज्जैनमध्ये आणखी एक जुनी गोष्ट आठवायला हवी. ही एकेकाळची शिंद्यांची राजधानी. राणोजींच्या काळात त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं मंदिर पुन्हा उभारलं. महादजी शिंदे आणि नाना फडणवीस यांच्यात एकमेकांबद्दल पुरता विश्वास कधीच नव्हता. तरी १७८२ चा सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीनं झाला आणि पुणे दरबारानं तो मान्य केला. १७९२ मध्ये महादजी स्वतः पुण्याला आले. मतभेद राहिले, बोलणी चालू राहिली. दोघंही गेल्यावर ते सावरणारं कुणी उरलं नाही. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनवर दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्यांच्या सैन्यानं इंदूर लुटलं. पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबरला हडपसरची लढाई झाली, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं वसईला इंग्रजांशी तह केला. पराक्रमात दौलतरावांची आणि यशवंतरावांची तुलना होणार नाही, पण एकमेकांशी बसून वाटणी करण्याचा मुत्सद्दीपणा दोघांनीही दाखवला नाही. त्याची किंमत त्या दोघांपुरती राहिली नाही.

राज्य आणि महापालिका यांची तोलामोलानं तुलना करता येत नाही, हे खरं. पण आज उज्जैनवर येऊ घातलेला काळ साधा नाही. २०२२ मध्ये निवडलेल्या सभागृहांची मुदत २०२७ च्या मध्याला संपते. एप्रिल-मे २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. निवडणूक वेळेवर झाली तर नव्या महापौराला आणि नव्या नगरसेवकांना जेमतेम आठ-नऊ महिने मिळतील. रस्ते, घाट, मलवाहिन्या, तात्पुरती शौचालयं, पार्किंग, सगळ्याची बिलं आणि मंजुऱ्या त्याच काळात येतील. मागच्या वेळी ७३६ मतांनी जे हुकलं ते या वेळी घडू शकतं. तसं घडलं तर महापौराला पक्षात ओढून घेण्याचा किंवा सभागृहातून त्याची नाकेबंदी करण्याचा मोह मोठा असेल, कारण सिंहस्थाचा पैसाही मोठा असेल.

म्हणून काही गोष्टी आत्ताच, निवडणुकीची हवा तापण्याआधी, ठरायला हव्यात. महापौर-नगराध्यक्ष निवडण्याची रीत मतदानाच्या आधी किमान एक वर्ष बदलता येणार नाही, असं दोन्ही राज्यांनी कायद्यात लिहावं. थेट निवडून आलेल्या माणसानं पक्ष बदलला तर त्याची जागा त्याच दिवशी रिकामी व्हावी आणि सहा महिन्यांत तिथं मतदान व्हावं. महाराष्ट्रात नगरसेवकांना लागू होतो तसा पक्षांतराचा नियम थेट निवडलेल्यालाही लागू न करण्याचं कोणतंही कारण नाही. अंदाजपत्रक अडलं तर महिनाभरात महापौर, सभापती आणि विरोधी गटनेता यांची संयुक्त बैठक बंधनकारक असावी, आणि तिचं इतिवृत्त महापालिकेच्या संकेतस्थळावर तसंच झोन कार्यालयांच्या फलकावर लागावं. कोण काय मागत होतं आणि कोण काय सोडायला तयार झालं, हे नानाखेड्यातल्या दुकानदाराला वाचता यायला हवं.

कायदा होईल तेव्हा होईल. मतदारांना मात्र २०२७ मध्ये वाट पाहायची गरज नाही. महापौरपदाचा जो उमेदवार दारात येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला दोन प्रश्न विचारावेत. सभागृह दुसऱ्या पक्षाचं आलं तर तुमच्या एमआयसीत त्यांचे किती नगरसेवक असतील आणि कोणत्या खात्यांवर? आणि पाच वर्षांत तुम्ही पक्ष बदललात तर त्याच दिवशी राजीनामा द्याल का? उत्तरं तोंडी घेऊ नयेत. ती जाहीरनाम्यात, उमेदवाराच्या सहीनिशी छापून आली पाहिजेत.